वाईनची द्राक्षे आणि जालन्याचे शिवार

महाराष्ट्रात वाईनच्या द्राक्षांचे पट्टे मोजकेच आहेत. सर्वांत मोठा पट्टा नाशिकचा. दिंडोरी, निफाड, इगतपुरी आणि खुद्द नाशिक तालुका मिळून तो होतो. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या, २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाईन निघाली आणि पुढच्या काही वर्षांत या भागात वायनऱ्यांची संख्या भराभर वाढली. त्याहून जुना पट्टा पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा. शामराव चौगुले यांनी तिथे १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाईन तयार केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशातही विकली. तिसरा पट्टा दक्षिणेकडे अकलूजचा. तिथे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीतील सेकी या तीन कुटुंबांनी मिळून ‘फ्रातेल्ली’च्या बागा उभ्या केल्या आणि सान्जोवेझे ही अस्सल इटालियन जात सोलापूर जिल्ह्यात रुजवली. सांगली जिल्ह्यात पलूसला सरकारने वाईन पार्क काढले, पण सांगली-तासगावचा जीव बेदाण्यातच राहिला. महाराष्ट्राबाहेर नाव घेण्याजोगा प्रदेश कर्नाटकचा: बंगळूरजवळचा नंदी हिल्स आणि उत्तरेकडचा विजयपूर.

या नकाशात जालना नाही. जालन्याची ओळख बियाणे, लोखंडी सळई आणि मोसंबीची. मोसंबीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरीही जालन्यात द्राक्ष आहे, आणि ते मेहनतीने कमावलेले आहे. कडवंची, नंदापूर, धारकल्याण, पीरकल्याण या गावांच्या शिवारात कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या जागी द्राक्षबागा आल्या, त्या पाणलोटाच्या कामानंतर. ही सगळी द्राक्षे मुख्यतः खाण्याची. त्यांतला काही भाग वाईनच्या जातींकडे वळवावा का, या प्रश्नावर दोन ठाम मते आहेत आणि दोन्हींमागे अभ्यास आहे. एक मत कडवंचीच्या बाजूला बाग आणि जुन्या जालन्यात घर असलेल्या बागायतदाराचे. दुसरे जुन्या जालन्यातच राहणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांचे. पुढचा संवाद या दोन बाजूंचा आहे.

प्राध्यापक: बापू, नकाशा समोर ठेवा. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आपलं जालना जवळजवळ त्याच रेषेवर. पाव अंशाचाही फरक नाही. दोन्हीकडे बेसाल्टचा खडक, दोन्हीकडे तीच काळी माती आणि खाली मुरूम. उलट पाऊस आपल्याकडे कमी, आणि द्राक्षाला कमी पाऊसच मानवतो. मग नाशिकला जे पिकतं ते इथं का पिकू नये?

बागायतदार: पिकेल ना सर. वेल लावला की घड येतो. पण वाईनवाल्याला नुसता घड नको असतो, त्याला आंबटपणा शिल्लक राहिलेला घड पाहिजे. तो रात्रीच्या थंडीनं राहतो. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. आपल्याकडं तशी थंडी कुठं पडते?

मुद्दा नेमका आहे. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकू लागला की साखर वाढते आणि आम्ल घटते. यातले मॅलिक आम्ल मणी श्वसनात जाळतो आणि रात्र जितकी उबदार, तितके ते जास्त जळते. टार्टारिक बरेचसे टिकून राहते. म्हणून गरम प्रदेशातल्या द्राक्षाची वाईन चवीला सपाट लागते, लवकर शिळी होते, आणि वायनरीला रसात टार्टारिक आम्ल वरून घालावे लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, जालना पाचशेच्या आसपास. शंभर मीटरचा फरक छोटा वाटतो, पण सह्याद्रीच्या कुशीतली नाशिकची हिवाळी रात्र आणि मराठवाड्याच्या उघड्या पठारावरची रात्र यांत अंतर पडते.

प्राध्यापक: मान्य. पण अकलूजचं काय? ते जालन्याहून सखल आहे आणि उन्हाळ्यात आपल्यापेक्षा थंड नक्कीच नाही. तिथं लाल वाईनची द्राक्षं उत्तम येतात. याचा अर्थ एवढाच की तिथल्या लोकांनी रानाला शोभणाऱ्या जाती निवडल्या आणि तोडणीची वेळ सांभाळली. आपलं पीक जानेवारी ते मार्चमध्ये पिकतं, मेच्या उन्हात नाही. जालन्याचा हिवाळा द्राक्षाला पुरेसा कोरडा आणि उजेडाचा असतो.

बागायतदार: मेचं ऊन फळाला लागत नाही, हे खरं. पण पुढच्या वर्षीच्या घडाला लागतं. एप्रिलच्या छाटणीनंतर जी काडी फुटते तिच्या डोळ्यात घडाची मांडणी मे-जूनमध्येच होते. त्या वेळी पाणी कमी पडलं आणि ऊन तापलं तर ऑक्टोबरला डोळे फुटतात, घड मात्र निघत नाही. नुसती वांझ फूट.

भारतातल्या द्राक्षशेतीचे हे गणित युरोपहून वेगळे आहे. फ्रान्स किंवा इटलीत हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपतो आणि वसंतात आपोआप जागा होतो. महाराष्ट्रात वेलाला अशी झोप मिळतच नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवले आहे. जालन्याहून दौलताबाद फार दूर नाही, आणि त्याला जे दिसले तो याच हवामानाचा गुण होता: वेल न झोपता पुन्हा पुन्हा फुटत राहतो. आजच्या बागायतदाराने त्या गुणाला वळण लावले आहे. एप्रिलमध्ये तो खरड छाटणी करतो, तिने नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करतो, तिने त्या काडीवर फळ येते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करावे लागते. वर्षाला छाटण्या दोन, पीक एक. वाईनच्या जातींनाही महाराष्ट्रात हीच पद्धत लागू आहे. म्हणजे हे कसब जालन्याच्या बागायतदाराला नव्याने शिकायचे नाही, आणि प्राध्यापकांच्या बाजूचा हा एक भक्कम मुद्दा आहे.

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांतला फरक मात्र बागेत गेल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रातली खाण्याची द्राक्षे बहुतेक थॉमसन सीडलेसच्या वंशातली. तासगावकडची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नानजची सोनाका, माणिक चमन, अशी तिची निवडलेली रूपे. काळ्यामध्ये शरद सीडलेस, तीही नानजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली. या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, पातळ सालीचा आणि बिनबियांचा लागतो. त्यासाठी बागायतदार घड जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बुडवतो, मणी एकमेकांत दाटू नयेत म्हणून कात्रीने विरळणी करतो आणि दाढीच्या फवाऱ्यासारख्या बारीक तुषारांनी औषधे मारतो. या कामाला माणसे लागतात. विरळणीच्या दिवसांत बाया मांडवाखाली मान वर करून तासन् तास उभ्या असतात. द्राक्षाच्या खर्चातला मोठा वाटा याच मजुरीचा.

वाईनच्या घडाला यातले बरेचसे लागत नाही. शिराजचा किंवा कॅबर्नेचा घड हातात घेतला तर तो लहान आणि आवळ असतो. मणी वाटाण्याएवढा, काळसर निळा, सालीवर राखेसारखा पांढुरका थर. दाबला तर गर थोडा आणि बिया दोन-तीन. पिकलेल्या मण्याची बी तपकिरी होते आणि दाताखाली खारकेच्या बीसारखी टणक लागते. बी हिरवी असेल तर तिचा तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. म्हणून वायनरीचा माणूस साखर मोजतोच, शिवाय बी चावून बघतो. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी मोठा झाला की रसाच्या मानाने साल कमी पडते आणि वाईन फिकी होते. म्हणजे बागायतदार ज्या मोठ्या मण्यासाठी वर्षभर झटतो, तोच मणी इथे नको असतो.

बागायतदार: हेच तर माझं म्हणणं आहे, सर. तीस वर्षं आम्ही मणी फुगवायला शिकलो. घडाचं वजन, मण्याचा आकार, चकाकी. आता तुम्ही सांगता मणी बारीक ठेवा आणि एकरी माल निम्मा काढा.

प्राध्यापक: निम्मा माल, पण खर्च किती कमी ते पाहा. जिबरेलिक आम्लाचं डिपिंग नाही, विरळणी नाही, पेट्या भरायला कागद आणि पुठ्ठे नाहीत. एखादा मणी तडकला म्हणून व्यापारी अख्खा प्लॉट सोडून जात नाही. आणि पाणी? वाईनच्या वेलाला फळ पिकताना मुद्दाम ताण द्यावा लागतो. दुष्काळी जिल्ह्याला याहून सोयीचं पीक कुठलं?

पाण्याचा प्रश्न जालन्यात जुना आहे. मलिक अंबरच्या काळातील जमशेदखान याने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांत पाणी खेळवल्याचे गॅझेटिअरमध्ये येते. निजामाच्या काळात घाणेवाडीचा तलाव झाला आणि पुढे पैठणहून जायकवाडीचे पाणी आणावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अनेकांनी त्या कुऱ्हाडीने तोडल्या. त्याच वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र हिरव्या राहिल्या.

त्यामागे १९९६ पासूनचे काम होते. नाबार्डमार्फत चाललेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात कडवंचीची निवड झाली आणि मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती आणि नालाबंडिंगची कामे केली. विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचा आधार या गावाला होता. जमिनीत मुरलेल्या पाण्यावर आधी ठिबक आले, मग द्राक्ष आले, मग प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आली. आज या शिवारात शेकडो शेततळी आहेत. पावसाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा ते उपसून तळ्यात भरायचे आणि उन्हाळ्यात ठिबकने मोजून द्यायचे, असा हिशेब आहे. वाईनच्या कोणत्याही प्रदेशाची गोष्ट सांगताना माती आणि हवेचे गुण गायले जातात. जालन्यात त्या यादीत शेततळ्याला पहिले स्थान द्यावे लागेल.

बागायतदार: ताण द्यायचा म्हणजे पाणी हाताशी पाहिजे. तळ्यात पाणी असलं तर नळ कधी बंद करायचा हे मी ठरवतो. तळं कोरडं असलं तर त्याला ताण म्हणत नाहीत, ती वेलाची उपासमार असते. घड पिकताना ताण चालेल, पण एप्रिल ते जून वेलाला पाणी लागतंच, जात कुठलीही असो. तेव्हा वाईनचं द्राक्ष दुष्काळातही येतं, असं कुणाला सांगू नका सर. एखादा कोरडवाहूवाला कर्ज काढून बसेल.

प्राध्यापक: ही दुरुस्ती मला मान्य आहे. मी असं म्हणतो की शेततळ्याच्या तेवढ्याच पाण्यात थोडं जास्त क्षेत्र भिजेल.

बागायतदार: ते होईल. पण गारपिटीचं काय? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या तेव्हा घडच काय, काड्यासुद्धा सोलून निघाल्या. गार जात बघून पडत नाही.

प्राध्यापक: नाही. पण नोव्हेंबर-डिसेंबरच्या अवकाळी पावसात फरक पडतो. तुमच्या द्राक्षाला एक डाग आला तरी ते बाजारातून उठतं. वाईनच्या घडावर सालीचा डाग चालतो. कूज मात्र चालत नाही, हेही सांगतो. सोव्हिन्यों ब्लाँचा घड आवळ असतो, त्यात पाणी साचलं की आतून सडतो. केवडा आणि भुरी या जातींनाही येतात आणि फवारण्या चुकत नाहीत.

जातींच्या निवडीवर दोघांत फारसा वाद उरत नाही. पांढऱ्यांमध्ये शेनिन ब्लाँ भरपूर येते आणि गरम हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते. सोव्हिन्यों ब्लाँचा सुगंध थंड रात्रीवर अवलंबून, म्हणून ती नाशिकच्याच डोंगरउतारांना शोभते. लाल जातींत शिराज उष्णतेला सर्वांत सोशिक. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, म्हणजे तिची तोडणी तापत्या मार्चमध्ये जाते. झिनफँडेलचा एकच घड वर पिकलेला आणि खाली कच्चा राहतो. टेम्प्रानियो स्पेनच्या उन्हात वाढलेली असल्याने तिच्याकडून आशा धरता येते. जालन्यासाठी दोन नावे निवडायची झाली तर शिराज आणि शेनिन, यावर प्राध्यापक ठाम आहेत आणि बागायतदारानेही हरकत घेतलेली नाही.

अडचण जमिनीखाली आहे. मराठवाड्याच्या चुनखडीच्या आणि क्षारांच्या जमिनीत द्राक्षाचा वेल स्वतःच्या मुळांवर नीट चालत नाही, म्हणून खुंट लावून त्यावर कलम भरतात. महाराष्ट्रात खाण्याच्या द्राक्षासाठी डॉगरिज हा खुंट सर्वत्र पसरला, कारण तो पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो आणि वेलाला जोर देतो. वरची जात कापून त्याच खुंटावर शिराज भरली तर दोन वर्षांत वाईनची बाग तयार होईल, असा प्राध्यापकांचा सुरुवातीचा विचार होता.

बागायतदार: डॉगरिजचा जोर हीच तिथं अडचण आहे. पानांचा पसारा इतका होतो की घड सावलीत राहतो, रंग भरत नाही. आणि हा खुंट जमिनीतून पालाश जास्त ओढतो. रसात पालाश वाढलं की सामू चढतो आणि जो आंबटपणा तुम्ही रात्रीच्या थंडीतून मागत होता, तो इथंच हरवतो. वाईनला ११०-आर खुंट बरा, असं मांजरीचे लोक सांगतात.

मांजरी म्हणजे पुण्याजवळचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, १९९७ मध्ये स्थापन झालेले. बागायतदाराचा हा आक्षेप साऱ्या संवादात सर्वांत वजनदार आहे. जुन्या बागेवर कलम फिरवून जालना वाईनकडे वळू शकत नाही. नवा खुंट, नवी लागण, आणि मांडवाऐवजी उभ्या तारांची रचना असा नवा खर्च त्यात आहे. पहिले पुरते पीक यायला तीन वर्षे जातात. त्यानंतर ती बाग पंधरा वर्षे तरी टिकवायची असते. इतक्या लांबच्या मुदतीत माल कोण घेणार, हा प्रश्न माती आणि हवेच्या प्रश्नांपेक्षा मोठा होतो.

प्राध्यापक: रस्ते सुधारले आहेत, बापू. समृद्धी महामार्ग आपल्या दारावरून जातो.

बागायतदार: रस्ता आहे, पण नाशिककडच्या वायनऱ्यांचं विंचूर तरीही पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. खाण्याचं द्राक्ष पेटीत घालून कलकत्त्याला जातं, कारण ते अख्खं पोचवायचं असतं. वाईनचं द्राक्ष पहाटे तोडायचं आणि ऊन चढायच्या आत वायनरीत द्यायचं.

यामागचे कारण साधे आहे. क्रेटमध्ये रचलेल्या घडांतले खालचे मणी वजनाने फुटतात, रस गळतो, आणि उन्हात तो रस वायनरीच्या आधीच आंबू लागतो. रसातल्या साखरेचे यीस्टच्या साह्याने मद्यार्कात रूपांतर होते. साधारणपणे लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क बनतो, म्हणून साखरेच्या मापाने २२ ते २४ ब्रिक्सचे द्राक्ष तेरा टक्क्यांच्या आसपासची वाईन देते. हे रूपांतर पोलादी टाकीत, थंड तापमानावर, हव्या त्या यीस्टने व्हावे लागते. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस पिळून साल बाजूला काढतात. लाल वाईनसाठी साल-बियांसकट आंबवतात. वाटेत क्रेटमध्येच रस आंबला, तर पुढे कितीही चांगली यंत्रे असली तरी गेलेला सुगंध परत येत नाही. म्हणूनच जगातले वाईनचे प्रदेश वायनरीभोवती तयार झालेले दिसतात. नाशिकलाही आधी वायनऱ्या आल्या आणि मग आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी करार करून वेल लावले.

प्राध्यापक: मग वायनरी इथंच का निघू नये? २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानं राज्यात बनलेल्या वाईनवरचं उत्पादन शुल्क माफ केलं होतं. विंचूरला आणि पलूसला सरकारनं पार्क दिले.

बागायतदार: आणि पुढं काय झालं तेही सांगा. त्या धोरणाच्या भरात नाशिकच्या कितीतरी शेतकऱ्यांनी खाण्याची बाग काढून वाईनची लावली. २००८ ला मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं रिकामी पडली. वाईन टाक्यांत राहिली आणि पुढच्या तोडणीला वायनऱ्यांनी माल घ्यायला नकार दिला. बाजारात नेऊन विकावं तर बियांचं, आंबट, बारीक द्राक्ष कोण खाणार? लोकांनी वेल उपटले. सर, माझ्या थॉमसनला भाव पडला तर मी त्याचा बेदाणा करतो. शिराजचं काय करू?

नाशिकचा हा अनुभव कोणत्याही नव्या प्रदेशाने आधी वाचावा असा आहे. नारायणगावची चौगुले यांची इंडेज कंपनीही याच काळात कर्जात अडकून बंद पडली. पलूसच्या पार्कला विंचूरची गती कधी आलीच नाही. ज्या वायनऱ्या तरल्या, त्यांनी पर्यटकांना बागेत आणले, चव घेण्याचे दालन उघडले आणि बाटलीबरोबर प्रदेशही विकला. ‘नाशिक व्हॅली’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हीच धडपड होती. वाईनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असते, आणि ते गेले की माल कवडीमोल होतो. हा धोका खाण्याच्या द्राक्षाला नाही. प्राध्यापकांनी या युक्तिवादाला दिलेले उत्तर दुबळे आहे. देशातला वाईनचा खप वाढतो आहे, एवढेच ते सांगतात. वाढता खप नाशिकच्याच बागा भागवू शकतात, हे त्यात विसरले जाते.

आणखी एक प्रश्न आहे, त्याला पैशाचे माप लागत नाही.

बागायतदार: आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. वडील आषाढीला पायी जायचे. माझ्या बागेतली द्राक्षं दारूत जाणार म्हटल्यावर आईला काय सांगू?

प्राध्यापक: बापू, ज्वारी, ऊस, मोह यांतूनही दारू निघते. ऊस लावणारा माळकरी मळीचा हिशेब ठेवत नाही. तरी मी हा मुद्दा हसण्यावारी नेणार नाही. ज्या घरात दारूनं माणूस गेलेला आहे, त्या घरानं वाईन वेगळी आणि दारू वेगळी हे का ऐकावं?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा हाच वाद राज्यभर उसळला. शेतकऱ्यांच्या द्राक्षाला भाव मिळेल, असे सरकारचे म्हणणे होते. विरोधकांनी महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र करू नका असे बजावले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. शेतकऱ्याच्या नावाने मांडलेल्या या निर्णयाचा फायदा किती शेतकऱ्यांना झाला असता, हे त्या गदारोळात नीट तपासले गेले नाही. देशातल्या द्राक्षाचा अगदी थोडा हिस्सा वाईनला जातो. बाकीचे द्राक्ष खाल्ले जाते किंवा त्याचा बेदाणा होतो. वाईनमुळे साऱ्या द्राक्ष उत्पादकांचे भले होईल, ही अपेक्षा आकड्यांना धरून नव्हती.

प्राध्यापक: मग मधला मार्ग घ्या. मांजरीच्या केंद्रानं ‘मांजरी मेडिका’ ही जात काढली आहे, रसासाठी. गरापासूनच रंगीत, रस भरपूर, आणि त्यात कुणाच्या घरात वाद नाही. साल आणि बियांचाही उपयोग होतो. वाईनच्या आधी रसाचा कारखाना टाकला तर तोडणी, पिळणी, थंड साठवण हे सगळं इथं उभं राहील.

बागायतदार: रसाला मी तयार आहे. पण रसालाही गिऱ्हाईक एकच, कारखाना. कागद तोच लागेल.

हा ‘कागद’ म्हणजे करार, आणि दोन्ही बाजू शेवटी त्याच्याच कलमांवर येऊन थांबतात. बागायतदाराच्या अटी स्पष्ट आहेत. करार लागणीच्या आधी व्हावा आणि किमान दहा पिकांचा असावा. भाव ब्रिक्स आणि सामूच्या टप्प्यांनी ठरावा, आणि मोजणी दोघांसमोर, बांधावर व्हावी. माल नाकारण्याची कारणे आधी लिहिलेली असावीत आणि कारणाशिवाय नाकारला तर ठरलेल्या भावाचा काही हिस्सा तरी मिळावा. ११०-आर खुंटाचा आणि तारांचा खर्च वायनरी किंवा कारखान्याने उचलावा किंवा त्याची हमी द्यावी. प्राध्यापकांनी त्यात दोन अटी घातल्या. पहिली तीन वर्षे एका शेतकऱ्याने एका एकरापेक्षा जास्त लागण करू नये, आणि डिसेंबर ते मार्च या काळात कडवंचीच्या दोन-तीन रानांत रात्रीच्या तापमानाची रोज नोंद ठेवून ती कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावी. बागायतदाराने दुसरी अट लगेच मान्य केली. पहिलीबद्दल त्याचे म्हणणे असे की एक एकरही जास्त आहे, वीस गुंठे पुरेत, आणि तेही शेततळ्यात मे अखेरपर्यंत पाणी टिकते अशाच रानात.